नळीचा स्वयंपाक

मारोतीनं पाटी पुसली, खडूनं दोन शब्द लिहिले आणि पाटी बायकोपुढं धरली. ‘डाळ कच्ची.’

सत्यशीलाच्या एका हातात बिनसुईची मोठी सिरिंज होती आणि दुसऱ्या हातात नवऱ्याच्या नाकातून निघालेल्या नळीचं टोक. सिरिंज उंच धरायची, आतलं पातळ आपल्याआप उतरू द्यायचं, दाबायचं नाही, मध्ये हवा शिरू द्यायची नाही. हे सगळं सांभाळता सांभाळता तिचा खांदा भरून आला होता, आणि हा माणूस समोर पाटी धरून बसला होता.

“थेट पोटात चाललं हे,” ती म्हणाली. “जिभीले लागत नाही, घशाले लागत नाही. तुमाले कच्ची कशी समजली?”

मारोतीनं पुन्हा पाटी पुसली. ‘वासानं.’

नागपूरहून फुलसावंगीला परत येऊन नऊ दिवस झाले होते. नऊ दिवसांत ती नळी सत्तर वेळा तरी भरली गेली असेल, पण जमलं असं त्यानं एकदाही लिहिलं नव्हतं. पातळ झालं. करपलं. गाळलं नाही नीट. दुधाले उतू जाऊ दिलं. बावीस वर्षांच्या संसारात त्यानं तिच्या प्रत्येक भाजीत खोट काढली होती. त्याचं तिला आता काही वाटत नसे. पण ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तोंडानं घास घ्यायचा नाही म्हणून सांगितलं, तेव्हा काळजीच्या डोंगराखालून एक विचार तिच्या मनात येऊन गेला होता, की निदान ही कटकट तरी संपली. तेही खोटं निघालं.

मारोती आचारी होता. फुलसावंगीत आणि आसपासच्या दहा-बारा गावांत लग्न, वास्तू, तेरवी काहीही असो, मोठा गंज चुलीवर चढला की मारोतीला बोलावणं यायचं. पाचशे पानांची आलू-वांग्याची भाजी तो एकट्याच्या अंदाजानं उतरवायचा. भट्टीची धग आणि जागरण सोसायला गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा लागायचा. सव्वीस वर्षं तो उजव्याच गालात राहिला. मागच्या उन्हाळ्यात तिथं चट्टा पडला. तिखट सोसेना, तसा तो चव घ्यायचं काम हाताखालच्या माणसांवर ढकलू लागला, आणि कोणाला काही बोलला नाही. पावसाळा सरेपर्यंत तोंड एका बोटापुरतं उघडायचं राहिलं. मग नागपूर, मग तपासण्या, मग ऑपरेशन. जबड्याचा एक भाग आणि गाल काढला, छातीचं मांस तिथं लावलं. जीभ वाचली, पण बोललेलं काही कळेना, म्हणून उर्वशीनं, त्यांच्या लेकीनं, दिग्रसहून येताना पाटी आणि खडूचा डबा आणून दिला. घरात आपला मिक्सरही ठेवून गेली. दोन हजार सहाची दिवाळी सरली होती आणि भारनियमन असं होतं, की सकाळी गेलेली वीज दुपारी चारला यायची. मिक्सरवर फडकं घालून सत्यशीलानं पाटा-वरवंटा धुऊन घेतला होता.

नागपूरच्या दवाखान्यात आहाराचं पाहणाऱ्या गौरी मॅडम होत्या, तिशीच्या आतल्या. सुट्टी देताना त्यांनी सत्यशीलाला समोर बसवून कागदाच्या दोन्ही बाजू भरून लिहून दिलं. दर दोन तासांनी एक पेला. दूध, अंडं, भाजलेल्या धान्याचं पीठ, डाळ, केळं, चमचाभर तेल. दोनदा गाळायचं, कोमट द्यायचं, बसवून द्यायचं, दिल्यावर नळी साध्या पाण्यानं धुवायची. पाच आठवड्यांनी विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू करायचा होता, आणि खरी गोष्ट त्यांनी शेवटी सांगितली. मारोतीचं वजन चव्वेचाळीस होतं. ते वाढवून आणा, म्हणाल्या, कमी झालेलं चालणार नाही. बेचाळीसच्या खाली गेलं तर अंगाला शेक सोसणार नाही, मध्येच थांबवावा लागेल, आणि मध्ये थांबवलेला शेक पुरतं काम करत नाही.

तेवढा एक आकडा घेऊन सत्यशीला गावात आली. आणि गाव भेटायला आलं.

रोज चार-सहा माणसं यायची. कोणी बिस्किटाचा पुडा आणायचं, कोणी सफरचंदं, एकानं तर भाजलेल्या शेंगा आणल्या. ज्याचं तोंड शिवलेलं आहे त्याच्या उशाशी सफरचंदाची रास लागली. मग बसून विचारायची, काय देता जेवायला. तिनं सांगितलं की तोंड वाकडं करायची. एक म्हणाला, गोड बंद करा, साखरेवर हा रोग पोसतो. दुसरा म्हणाला, सगळंच बंद करा, उपाशी ठेवला की रोग भुकेनं मरतो. अगोदर कोण मरेल, हे विचारायचं सत्यशीलाच्या ओठांवर आलं होतं. त्यानंतर गोष्ट कापसावर जायची. भाव कसा पडला, खरेदी कधी सुरू होणार, कोणाच्या वावरात फुटलेली बोंडं झाडालाच लोंबतायत. त्यात तास जायचा. आणि लोकांसमोर मारोती नळीला हात लावू द्यायचा नाही. हजार माणसांना वाढलेला माणूस, त्याला कोणी नाकातून भरवताना पाहावं हे त्याला सोसत नव्हतं. म्हणजे जितकी माणसं भेटायला यायची तितके पेले चुकायचे.

शेवटी तिनं दारावर खडूनं लिहिलं, ‘भेटायची वेळ ४ ते ५.’ अर्ध्या गावाला राग आला. दारावर पाटी लावायला ही काय कचेरी आहे का, असं कोणी बौद्ध विहारापाशी बोलल्याचं तिच्या कानावर आलं. तिनं खडूची अक्षरं आणखी ठळक केली.

वेळ न पाळणारा एकच माणूस तिला चालायचा, तो म्हणजे तांड्यावरचा देवसिंग. त्याला शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी पॅकेजमध्ये गाय मिळाली होती, थोराड आणि परदेशी रक्ताची. दोन बैलांची वैरण खायची आणि दूध द्यायची ते शेळीपेक्षा थोडं जास्त. रोज सकाळी तो किटलीत अर्धा लिटर दूध घेऊन दारात उभा राहायचा, गाईला चार शिव्या घालायचा आणि किटली रिकामी करून चालता व्हायचा. त्याच्या पोरीच्या लग्नात अवकाळी पाऊस आला होता, तेव्हा मारोतीनं डोक्यावर ताडपत्री धरून बुंदी पाडली होती. ते देवसिंग विसरला नव्हता. तो कधी सल्ला देत नसे. सत्यशीलाला त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त तेच आवडायचं.

दहाव्या दिवशी मारोतीची मोठी बहीण सुखीबाई पुसदहून गाठोडं घेऊन आली. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच मारोतीला वाढवलं होतं. साठी उलटलेली, काटक, स्वच्छ हाताची बाई. भावाला पाहून ती रडली नाही. लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि म्हणाली, तो उठून बसेपर्यंत मी जात नाही.

सत्यशीलाला हायसं वाटलं. वेचणीचे दिवस होते, दोन ठिकाणांहून तिला बोलावणं होतं, आणि घरात दोघांपैकी एकाला तरी कामाला जाणं भाग होतं. तिनं नणंदेला नळी शिकवली. सुखीबाई दोन दिवसांत शिकली. सिरिंज धरायचा हात सत्यशीलापेक्षा तिचा स्थिर होता. काय द्यायचं तेही सत्यशीलानं सांगितलं. गौरी मॅडमचा कागद वाचून दाखवला, कारण सुखीबाईला अक्षर येत नव्हतं. सुखीबाई प्रत्येक ओळीला मान हलवत गेली.

गावात वजनाला एकच मोठा काटा होता, एका कापूस व्यापाऱ्याच्या अंगणात. तो काटा दोन किलो मारतो अशी त्याची ख्याती होती. पहिल्या रविवारी मारोतीला त्यावर उभं केलं तर चव्वेचाळीस भरला. दुसऱ्या रविवारी पाऊण किलो वाढला. त्या दिवशी सत्यशीला मनाशीच हसत घरी आली होती. तिसऱ्या रविवारी काटा बेचाळीसवर जाऊन थांबला.

भोवती उभी असलेली माणसं म्हणाली, काळजी करू नको, हा काटाच खोटा आहे, भाऊ चांगला पंचेचाळीसचा असेल. काटा खोटा असला तरी दर रविवारी तो सारखाच खोटा होता. पावणेतीन किलो माणूस कुठंतरी गेला होता.

दुसऱ्या दिवशी वावरात माल उचलायला गाडी आली नाही, मालकानं दुपारीच वेचणी थांबवली. ती वेळेआधी घरी आली तेव्हा सुखीबाई नळी भरत होती. सत्यशीलानं पेल्यात बोट बुडवलं. तांदळाच्या पेजेचं वरचं पाणी होतं, जिऱ्याचा वास असलेलं. तिनं मुकाट्यानं फडताळ धुंडाळलं. ज्वारीच्या डब्यात, धान्याखाली, अकरा अंडी निघाली. देवसिंगच्या दुधाचा भेटायला येणाऱ्यांसाठी चहा होत होता. आणि तेलाची वाटी आठ दिवसांपूर्वी भरली होती तशीच भरलेली होती.

सुखीबाईनं काही लपवलं नाही. दुधानं जखमेत पू होतो, अंडं गरम पडतं, तेलानं खोकला उठतो, हे तिला माहीत होतं आणि ते तिनं सांगून टाकलं. मॅडमच्या कागदाबद्दल ती म्हणाली, लिहिणारीनं कधी लेकरू वाढवलं आहे का.

“मी त्याले मांडीवर वाढवला,” सुखीबाई म्हणाली. “माह्या हातानं त्याचं वाईट होईन का?”

सत्यशीला नवऱ्याकडं वळली. हा माणूस. डाळ कच्ची आहे हे ज्याला वासानं कळतं, त्याला आठ दिवस नळीतून पेजेचं पाणी चाललंय हे कळलं नसेल होय? तिनं तेच विचारलं.

मारोतीनं पाटी पुसली. मग लिहिलं, ‘तिचं मन मोडते.’

सत्यशीलानं ते दोनदा वाचलं. बावीस वर्षं तिचं मीठ, तिची फोडणी, तिची पोळी, सगळ्याचा हिशेब या माणसानं तोंडावर केला होता. तेव्हा कोणाचं मन नव्हतं. आणि बहिणीनं उपाशी मारलं तरी हा मन सांभाळत पडून राहणार.

“काय लिवलं त्यानं?” सुखीबाईनं विचारलं.

खरं वाचून दाखवावं असं सत्यशीलाला एक क्षण फार वाटलं. मग तिनं नणंदेकडं पाहिलं, पदरात हात गुंडाळून उभी असलेली, आणि म्हणाली, “भाकर जळून राह्यली म्हणते.”

सुखीबाई चुलीकडं धावली. भाकर नव्हतीच चुलीवर.

त्या दिवसापासून सत्यशीलानं वेचणी सोडली. अंडी फडताळात वर आली. पण एका सकाळी ती देवसिंगकडं जास्तीचं दूध मागायला तांड्यावर गेली आणि परत येते तो सुखीबाई दारात उभी, हातात रिकामी वाटी. पुसदजवळच्या कोण्या वैदूकडून आणलेली मुळीची भुकटी ती गाठोड्यात ठेवून होती. फक्त एकदाच द्यायची होती. दूध-अंड्यानं झालेलं नुकसान त्यानं भरून निघालं असतं. भुकटी नळीत गेली, तिथं फुगली आणि नळी बंद झाली. पाणी जाईना, हवा जाईना. कोमट पाणी, पुन्हा कोमट पाणी, काही उपयोग झाला नाही.

आठच्या एसटीनं तिघं पुसदला निघाली. मारोती खिडकीच्या दांडीला कपाळ टेकवून बसला होता. पहिल्या दवाखान्यात म्हणाले, जिथं घातली तिथं जा. नागपूर किती लांब आहे हे सत्यशीलानं त्यांना सांगितलं. ते त्यांना माहीत होतं. दुसऱ्या दवाखान्यातले डॉक्टर बाहेरगावी गेले होते. तिसऱ्या ठिकाणी तीन तास बसवून ठेवलं आणि मग सांगितलं, की असल्या केसला आम्ही हात लावत नाही. मारोती उन्हातच रस्त्याच्या कडेला बसला. सकाळपासून त्याच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता, आणि रस्त्यावर दुतर्फा भजी तळली जात होती.

शेवटी बाळंतपणाच्या एका लहानशा दवाखान्यात मानीबाई नावाच्या जुन्या नर्सनं, डॉक्टरीणबाईंना विचारून, जुनी नळी काढली आणि नवी घातली. पाच मिनिटांचं काम होतं. पोटावर स्टेथोस्कोप लावून हवा जाते का ते ऐकलं, नाकाला पट्टी चिकटवली आणि मग ती सत्यशीलावर घसरली. अडाण्यासारखं नळीत काय भरलं, माणूस मारायचा आहे का, शिकलेली दिसतेस आणि एवढं कळत नाही. सत्यशीला ऐकत राहिली. सुखीबाई बाकावर, मांडीवर गाठोडं घेऊन, खाली पाहत होती. मारोती पाटी घरी विसरला होता. किंवा विसरला नसेलही.

घरी यायला संध्याकाळ झाली. सत्यशीलानं सिरिंज, पेला, गाळायचं मलमलचं फडकं आणि गौरी मॅडमचा कागद, सगळं एका ताटात घातलं आणि ताट नवऱ्याच्या खाटेवर ठेवलं.

“हे घ्या,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळं मारोती उठून बसला. “माह्या हातचं तुमाले कधी चाललं नाही. तुमच्या बहिणीच्या हातचं सारं चालते. बाहेरचे मले शिकवते, नर्स मले बोलते, आन् तुमी पाटीवर डाळ कच्ची लिवता. पाचशे माणसाले जेवाले घालता ना तुमी? एका माणसाले घाला. मी नाही करत आता.”

ती मागच्या अंगणात जाऊन बसली. घरातून भांड्याचा आवाज आला, काहीतरी सांडलं, सुखीबाईचं दबकं बोलणं ऐकू आलं. सत्यशीला उठली नाही. त्या रात्रीचं दूध मारोतीनं स्वतःच्या हातानं नळीत ओतलं. अर्धं छातीवर गेलं. तरी ती उठली नाही.

सकाळी तव्याच्या आवाजानं तिला जाग आली. मारोती चुलीपुढं पाटावर बसला होता, कमरेला पंचा गुंडाळून, लग्नघरी बसायचा तसाच. नळी कानावरून मागं घेऊन सुतळीनं बांधली होती. शेजारी तवा, तीन परातींमध्ये निवडलेले गहू, मुगाची डाळ, शेंगदाणे. प्रत्येक धान्य वेगवेगळं भाजत होता, मंद आचेवर, बोटांनी उचलून नाकाशी नेत. सत्यशीलानं सगळं एकत्रच भाजलं होतं, त्यामुळं मूग करपायचा आणि गहू कच्चा राहायचा. हे तिच्या आता लक्षात आलं आणि लक्षात आलं म्हणूनच जास्त राग आला.

अंडं तो फेटून उकळत्या दुधात टाकायचा नाही. अगोदर चमचाभर दूध अंड्यात, मग आणखी एक चमचा, मग सगळं चुलीच्या कडेला ठेवून हलवत राहायचं. गाठ म्हणून एक व्हायची नाही. एका वाटीत त्यानं वेगळे गहू भिजत घातले होते. दोन दिवसांनी त्यांना मोड आले, ते सुकवले, हलके भाजले आणि त्याचं पीठ केलं. घट्ट शिजलेल्या पेजेत त्या पिठाचा थोडासा भाग पडला की काही मिनिटांत पेज आपोआप ताकासारखी सैल व्हायची. पाणी न घालता. म्हणजे पेला तोच, पण आतलं अन्न दुप्पट. हे त्याला कुठून ठाऊक होतं, ते त्यानं लिहिलं नाही. लग्नाची खीर गोठली तर ती सोडवायची कशी, हे आचाऱ्याला माहीत असणारच.

बहिणीसाठी त्यानं पाटी लिहिली आणि सत्यशीलाला वाचायला दिली. ‘बाई, दूध अंडं मी घालीन. माह्या जिवासाठी घालतो. तू जात्यावर बस.’

सत्यशीलानं या वेळी जसं होतं तसं वाचलं.

“त्यानंच लिवलं का?” सुखीबाईनं विचारलं.

“मी कायले लिवू असं?” सत्यशीला म्हणाली.

सुखीबाई थोडा वेळ पाटीकडं पाहत राहिली, जणू तिला वाचता येत होतं. मग उठून जात्यापाशी जाऊन बसली. दळताना ती रडत होती, पण पीठ बारीक निघालं.

यानंतरचे दिवस सत्यशीलाला आधीच्या दिवसांपेक्षा जड गेले, असं ती पुढं सगळ्यांना सांगायची. घराची भट्टी झाली. एका पेल्यासाठी सात भांडी पडायची. मारोती बोलू शकत नसल्यानं झाऱ्यानं गंजाची कड वाजवायचा. एकदा वाजलं तर सरपण, दोनदा वाजलं तर पाणी, आणि सारखं वाजत राहिलं तर तुम्ही दोघी कामाच्या नाही. देवसिंगच्या दुधात त्यानं पाणी ओळखलं. देवसिंग गाईची शपथ घेऊन म्हणाला पाणी नाही, गायच तशी आहे. दोन्ही बायकांना उसंत नव्हती. आणि रात्री निजताना दोघी एकमेकींच्या पाठीला तेल चोळत मारोतीला नावं ठेवायच्या, हे त्यांच्या नात्यात पहिल्यांदाच घडत होतं.

व्यापाऱ्याच्या काट्यावर पुढच्या रविवारी त्रेचाळीस भरले. त्याच्या पुढच्या रविवारी चव्वेचाळीसच्या थोडं वर.

पाच आठवडे भरल्यावर दोघं नागपूरला गेली, तेव्हा तिथल्या काट्यावर वजन पंचेचाळीसला दोनशे ग्रॅम कमी भरलं. डॉक्टरांनी कागदावर सही केली आणि शेक दुसऱ्याच दिवशी सुरू करा म्हणाले. गौरी मॅडमनी बरणीतली पेज चमच्यानं हलवून पाहिली, एवढं सगळं असून नळीतून उतरतं कसं म्हणून नवल केलं आणि कसं करता ते विचारलं. सत्यशीला सांगायला लागली तशी मारोतीनं तिच्या मनगटावर बोटं ठेवली. मग पाटीवर लिहिलं, ‘अंदाजानं.’ मॅडमनी प्रमाण विचारलं. त्यानं तोच शब्द पुन्हा गिरवला. ज्या बाईनं त्याच्यासाठी दोन पानं भरून लिहिलं होतं, तिला हा दोन ओळी देईना. सत्यशीलाला मान वर करायची लाज वाटली.

शेक आठवड्यातून पाच दिवस होता, सहा आठवडे. दवाखान्याच्या धर्मशाळेत एक खोली मिळाली, मागं स्वयंपाकाचा ओटा होता. तिथं प्रत्येक घराची एक बाई आपापली बरणी घेऊन उभी असायची. वणीकडची रुपीबाई म्हणून एक होती. तिच्या नवऱ्याची नळी आठवड्यात दोनदा बंद पडली होती, आणि वजन उतरल्यामुळं त्याचा शेक चार दिवस थांबवला होता. ती पीठ घट्ट करायला घाबरायची आणि पातळ द्यायलाही घाबरायची. सत्यशीलानं तिच्याकडं तीन दिवस पाहिलं. चौथ्या दिवशी एका कागदावर सगळं लिहून तिच्या हातात दिलं. धान्य वेगवेगळं भाजायचं, अंडं कसं जिरवायचं, मोडाच्या गव्हाचं पीठ एक चमचा. इतके दिवस डोळ्यांसमोर केलेलं तिला पाठ झालं होतं.

संध्याकाळी मारोतीला कळलं. रुपीबाईच वाडगा घेऊन दाखवायला आली, अजून सैल होत नाही म्हणून. मारोतीनं वाडग्यात पाहिलं, सत्यशीलाकडं पाहिलं आणि भिंतीकडं तोंड करून निजला. त्यानंतर दोन दिवस पाटी कोरी राहिली. सत्यशीलानंही विचारलं नाही. शेकाला जाताना ती त्याच्या दोन पावलं पुढं चालायची.

तिसऱ्या दिवशी शेकाहून आल्यावर त्यानं हात पुढं केला आणि बोटांनी कागदाची खूण केली. ती रुपीबाईकडून कागद घेऊन आली. शेकानं त्याची मान काळवंडली होती, खाली वाकवत नव्हती, म्हणून त्यानं कागद डोळ्यांसमोर उंच धरून वाचला. मग खिशातून पेन्सिल काढली. ‘एक चमचा’ खोडून ‘दोन’ केलं. खाली लिहिलं, ‘गरम असताना नाही. बोट सोसेल तेव्हा.’

“मी रोज पाहत होती,” सत्यशीला म्हणाली. “तुमी एकच चमचा घालत होते.”

त्यानं कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं, ‘दुसरा तू पाठ फिरवल्यावर.’

घरातल्या घरात, स्वतःच्या मरणाच्या दारात बसून, हा माणूस बायकोपासून चमचाभर पीठ लपवत होता. तिच्या तोंडात आलेलं ती बोलली असती तर धर्मशाळेनं ऐकलं असतं. तिनं कागद घेतला आणि ओट्यावर गेली.

“हे घ्या,” ती रुपीबाईला म्हणाली. “आता बरोबर आहे. आन् एक नक्कल करून गौरी मॅडमले द्या. माह्या घरचा माणूस देणार नाही.”

शेकाचा एकही दिवस चुकला नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत मारोतीच्या गळ्याची साल निघाली, दोन किलो वजनही गेलं, पण तेवढं त्याच्याकडं द्यायला होतं. होळीनंतर नळी निघाली. तोंड दोन बोटं उघडायचं. रुपीबाईचा नवरा पावसाळ्यात गेला. तिनं उर्वशीच्या फोनवर कळवलं, आणि हेही सांगितलं, की नळी मात्र पुन्हा कधी बंद पडली नाही, शेवटपर्यंत पोटभर गेलं. सत्यशीलानं ते मारोतीला सांगितलं तेव्हा तो ओसरीवर वांगी चिरत होता. त्यानं विळी थांबवली आणि रुपीबाईच्या नवऱ्याचं नाव काय होतं, असं पाटीवर विचारलं. सत्यशीलाला ते आठवेना. दोघंही बराच वेळ आठवत बसले.